मोठ्या एक्सेल शीटमध्ये वावरताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

एक्सेल शिकताना आपला बहुतेक वेळ सूत्रे आणि बेरजा शिकण्यात जातो. शीटमध्ये इकडून तिकडे कसे जायचे हे मात्र सहसा कोणी वेगळे शिकवत नाही, कारण बाणाच्या चार कळा आणि माउसचे चाक एवढ्यावर ते भागेल असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते. वीस-पंचवीस ओळींची यादी असेपर्यंत ते भागतेही. अडचण सुरू होते ती खरे दप्तर हाती आल्यावर.

उदाहरणादाखल ८४ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्काचे शीट घेऊ. प्रत्येक सदनिकेची दरमहा एक नोंद धरली तर पाच वर्षांत ५,०४० नोंदी होतात आणि वरची शीर्षकांची ओळ मिळवून शेवटची नोंद ५,०४१ क्रमांकाच्या ओळीत येते. स्तंभ आठच आहेत: ए मध्ये अनुक्रमांक, बी मध्ये दिनांक, सी मध्ये सदनिका क्रमांक, डी मध्ये सभासदाचे नाव, ई मध्ये देय रक्कम, एफ मध्ये जमा रक्कम, जी मध्ये पावती क्रमांक आणि एच मध्ये शेरा. खालचा बाण दाबून धरला आणि सेकंदाला तीस ओळी सरकल्या असे मानले, तरी तळाशी पोहोचायला पावणेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. त्याच वेगाने संपूर्ण शीट उतरायचे ठरवले तर पावणेदहा तासांच्या आसपास बोट कळेवर ठेवावे लागेल. पुढे दिलेल्या रीतींनी ही दोन्ही अंतरे एकदोन कळांत कापता येतात.

आधी आपण कुठे आहोत ते पाहावे

शीटमध्ये ज्या सेलभोवती जाड चौकट दिसते तो सक्रिय सेल होय. आपण जे टंकित करू ते त्याच सेलमध्ये जाते, मग पडद्यावर काहीही दिसत असो. माउसचे चाक फिरवले की फक्त पडदा सरकतो, सक्रिय सेल आहे तिथेच राहतो. नवशिक्यांच्या बऱ्याच चुकांचे मूळ या एका गोष्टीत असते, आणि मीही ती केलेली आहे. संस्थेचा हिशेब माझ्याकडे असताना सक्रिय सेल वर जी३७ मध्ये ठेवून मी चाकाने खाली ४,२१२ व्या ओळीपर्यंत आलो, नजर पावती पुस्तकात घालून पावतीचा क्रमांक टंकित केला आणि एंटर दाबले. मान वर केली तेव्हा पडदा पुन्हा ३७ व्या ओळीपाशी गेलेला होता, आणि तिथला पाच वर्षांपूर्वीचा पावती क्रमांक पुसून त्या जागी नवा बसलेला होता. ताबडतोब लक्षात आले म्हणून कंट्रोल आणि झेड दाबून निभावले. लक्षात आले नसते तर ती चूक लेखापरीक्षणाच्या वेळीच वर आली असती.

म्हणून पहिली सवय अशी लावावी की टंकन सुरू करण्यापूर्वी डाव्या हाताला, सूत्रपट्टीच्या शेजारी असलेल्या लहान चौकटीकडे एक नजर टाकावी. तिला नेम बॉक्स म्हणतात आणि तिच्यात सक्रिय सेलचा पत्ता लिहिलेला असतो. चाकाने फार दूर आलो आणि सक्रिय सेल कुठे राहिला ते कळेनासे झाले, तर कंट्रोल धरून बॅकस्पेस दाबावे. पडदा सक्रिय सेलपाशी परत येतो आणि मजकुराला काही होत नाही.

एक टप्पा, एक पडदा, एक टोक

बाणाची कळ एक सेल सरकवते. पेज डाउन आणि पेज अप या कळा एक पडदाभर खाली किंवा वर नेतात, आणि ऑल्ट धरून त्याच कळा दाबल्या तर एक पडदाभर उजवीकडे किंवा डावीकडे. होम ही कळ त्याच ओळीच्या पहिल्या सेलवर आणते. कंट्रोल धरून होम दाबले की शीटचा आरंभ, म्हणजे ए१. एवढे पाठ करायला एक दुपार पुरते.

उडी कुठे थांबते

खरे सामर्थ्य आहे ते कंट्रोल धरून बाण दाबण्यात, आणि त्यावर थोडा अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल, कारण ही उडी कोणत्या नियमाने थांबते हे न कळल्यामुळे अनेकजण एकदोनदा फसतात आणि पुन्हा माउसकडे वळतात. नियम असा आहे: आपण भरलेल्या सेलमध्ये असलो आणि त्या दिशेचा शेजारचा सेलही भरलेला असला, तर उडी सलग भरलेल्या भागाच्या शेवटच्या सेलवर थांबते. शेजारचा सेल रिकामा असला, किंवा आपण स्वतःच रिकाम्या सेलमध्ये असलो, तर उडी मधली सगळी मोकळी जागा ओलांडून पुढच्या भरलेल्या सेलवर थांबते. पुढे भरलेले काहीच नसेल तर ती थेट शीटच्या काठावर जाते.

हे आपल्या शीटवर करून पाहावे. ए१ वर उभे राहून कंट्रोल धरून खालचा बाण दाबा. अनुक्रमांकाचा स्तंभ सलग भरलेला असल्याने आपण एका झटक्यात ए५०४१ वर येतो. तीच कळ पुन्हा दाबली तर खाली काहीच नसल्याने शीटचा तळ, म्हणजे १०,४८,५७६ वी ओळ गाठली जाते, आणि पडदा कोरा दिसल्यामुळे सगळी नोंदवही पुसली गेली की काय अशी धास्ती नवख्या माणसाला वाटते. पुसलेले काही नसते. कंट्रोल धरून वरचा बाण दाबला की आपण पुन्हा ए५०४१ वर येतो.

आता एफ२ वर, म्हणजे जमा रकमेच्या स्तंभात या. ज्यांनी पैसे भरलेले नाहीत त्यांचा सेल इथे रिकामा आहे. कंट्रोल आणि खालचा बाण दाबल्यावर उडी तळापर्यंत न जाता, समजा, ५८ व्या ओळीत थांबली. याचा अर्थ ५९ व्या ओळीतला सेल रिकामा आहे, म्हणजे पहिली थकबाकी तिथे आहे. ज्याला आपण कळेचा दोष समजत होतो ते खरे तर उत्तर आहे. शेऱ्याच्या स्तंभात हाच नियम उलट्या बाजूने कामाला येतो: तिथे शेरे तुरळक असल्याने प्रत्येक उडी मधले शेकडो रिकामे सेल सोडून पुढच्या शेऱ्यावर नेते, आणि पाच वर्षांतले सगळे शेरे वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मात्र अशा विरळ स्तंभाच्या तळाशीच जायचे असेल तर वरून उड्या मारत बसू नये. सलग भरलेल्या ए स्तंभात यावे, तिथून एका उडीत तळ गाठावा आणि मग उजवीकडच्या बाणाने हव्या त्या स्तंभात सरकावे. शेवटचा शेराच हवा असेल तर त्याच स्तंभात खाली, नोंदी संपल्यावर, कुठेही उभे राहून कंट्रोल आणि वरचा बाण दाबावा.

कधी कधी सेल रिकामा दिसतो तरी उडी तिथे थांबते किंवा त्याला भरलेला समजून पुढे निघून जाते. अशा वेळी त्या सेलमध्ये बहुधा स्पेसबारची एक कळ चुकून पडलेली असते, किंवा असे सूत्र असते जे उत्तरादाखल कोरा मजकूर देते. आपल्या डोळ्यांना तो सेल मोकळा दिसतो, एक्सेलच्या लेखी तो भरलेला असतो. स्पेसचा संशय असेल तर सेल निवडून डिलीट दाबावे आणि उडी पुन्हा मारून पाहावी.

यावरून एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे शीट कसे मांडले आहे यावर त्यात किती वेगाने फिरता येईल हे ठरते. आर्थिक वर्ष बदलले की शोभेसाठी दोन ओळी मोकळ्या सोडण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. कागदी खतावणीत ती बरी दिसते, पण शीटमध्ये तिच्यामुळे प्रत्येक उडी एकतीस मार्चला अडखळते. वर्षे वेगळी दाखवायची असतील तर ओळीला रंग द्यावा किंवा वर्षाचा वेगळा स्तंभ करावा, आणि किमान एक स्तंभ, शक्यतो अनुक्रमांकाचा, वरपासून खालपर्यंत अखंड भरलेला ठेवावा.

कंट्रोल धरून एंड ही कळ वापरलेल्या भागाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर नेते. कधी ती नोंदींच्या शेकडो ओळी खाली, ओसाड जागी नेऊन सोडते, कारण एके काळी तिथे काही लिहिलेले किंवा नुसते रंगवलेले असते आणि एक्सेलने ती जागा वापरात धरलेली असते. त्या जादा ओळी पूर्ण निवडून काढून टाकाव्या आणि फाईल साठवावी, म्हणजे कोपरा जागेवर येतो.

जाता जाता निवड

वरच्या कोणत्याही हालचालीला शिफ्टची जोड दिली की वाटेतले सगळे सेल निवडले जातात. ई२ वर उभे राहून कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून खालचा बाण दाबला की देय रकमेचा संपूर्ण स्तंभ निवडला जातो आणि खालच्या पट्टीवर त्याची बेरीज लगेच दिसते. बारीकसारीक पडताळणीसाठी सूत्र लिहिण्याचीही गरज राहत नाही. शिफ्ट आणि स्पेसबार यांनी संपूर्ण ओळ, कंट्रोल आणि स्पेसबार यांनी संपूर्ण स्तंभ, तर कंट्रोल आणि ए यांनी सलग नोंदींचा संपूर्ण भाग निवडला जातो. निवड झाल्यावर तिचे दुसरे टोक बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी कंट्रोल धरून पूर्णविरामाची कळ दाबावी. प्रत्येक वेळी सक्रिय सेल निवडीच्या पुढच्या कोपऱ्यावर जातो आणि निवड मोडत नाही.

पत्ता सांगून थेट जाणे

आपल्याला ओळ माहीत असेल तर उड्यांचीही गरज नाही. नेम बॉक्समध्ये क्लिक करून पत्ता टंकित करावा आणि एंटर दाबावे. पत्ता रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्यावा लागतो. सभासदांची नावे मराठीत भरताना कळफलक मराठीवर असतो, तेव्हा आधी विंडोज कळ धरून स्पेसबारने तो बदलून घ्यावा.

हेच काम एफ-५ ही कळ करते. इथे एक खुलासा करतो: या लेखात जोडरेघ असलेले एफ-५ म्हणजे कळफलकाच्या वरच्या रांगेतली कळ, सेलचा पत्ता नव्हे. लॅपटॉपवर बहुतेकदा तिच्याबरोबर एफएन ही कळही धरावी लागते. ते जमत नसेल तर कंट्रोल आणि जी यांनी तीच खिडकी उघडते. तिची एक सोय नेम बॉक्सपेक्षा सरस आहे. एफ-५ ने दुसरीकडे गेल्यावर पुन्हा एफ-५ दाबले तर आधीच्या जागेचा पत्ता खिडकीत आयताच भरलेला असतो, त्यामुळे नुसते एंटर दाबून परत येता येते. दोन दूरच्या ओळी ताडून पाहताना याचा फार उपयोग होतो.

या कळेचा वारसा जुना आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी आला, तेव्हा त्या संगणकाच्या कळफलकावर फक्त डावा आणि उजवा असे दोनच बाण होते. वर-खाली जायचे असेल तर आधी स्पेसबार दाबून दिशा बदलावी लागे. शीट ६३ स्तंभ आणि २५४ ओळींचेच होते, तरी थेट पत्त्यावर जाण्याची आज्ञा त्यात पहिल्यापासून होती. पुढे १९८३ च्या लोटस १-२-३ ने ती एफ-५ वर ठेवली आणि एक्सेलमध्येही ती त्याच कळेवर आली.

एफ-५ च्या खिडकीत स्पेशल नावाचे बटण आहे, आणि थकबाकीदारांची यादी करणाऱ्याने ते अवश्य शिकून घ्यावे. पायऱ्या अशा. नेम बॉक्समध्ये एफ२:एफ५०४१ असे टंकित करून एंटर दाबा, म्हणजे जमा रकमेचा पूर्ण स्तंभ निवडला जाईल; इथे कंट्रोल-शिफ्ट-बाण चालत नाही, कारण तो पहिल्या रिकाम्या सेलपाशी अडतो. मग एफ-५ दाबून स्पेशल निवडा, ब्लँक्स या पर्यायावर खूण करा आणि ओके म्हणा. स्तंभातले केवळ रिकामे सेल निवडलेले राहतील. आता एंटर दाबत गेलात की सक्रिय सेल एका थकबाकीवरून दुसऱ्या थकबाकीवर जाईल, आणि मधल्या हजारो भरलेल्या नोंदींना स्पर्शही होणार नाही. कोणी रिकाम्या जागी शून्य लिहून ठेवले असेल तर तो सेल मात्र यात सापडत नाही.

पत्ता ठाऊक नसून मजकूर ठाऊक असेल, तर कंट्रोल आणि एफ यांनी शोध घ्यावा. सदनिका क्रमांक ३०४ शोधताना १३०४ आणि ३०४५ हेही सापडू नयेत यासाठी ऑप्शन्समध्ये जाऊन संपूर्ण सेल जुळण्याच्या पर्यायावर खूण करावी. फाइंड ऑल म्हटले की सगळ्या ठिकाणांची यादी खाली उघडते आणि तिच्यातल्या ओळीवर क्लिक करून त्या सेलवर जाता येते.

शीर्षके जागेवर ठेवणे

चार हजाराव्या ओळीत उभे असताना कोणता आकडा देय आणि कोणता जमा हे पाहण्यासाठी पुन्हा वर जाणे म्हणजे वर शिकलेल्या सगळ्यावर पाणी ओतणे आहे. ए२ वर उभे राहून व्ह्यू या टॅबमधील फ्रीझ पेन्स निवडले की पहिली ओळ स्थिर होते. नियम इतकाच की निवडलेल्या सेलच्या वरचे आणि डावीकडचे सगळे गोठते. आपल्या आठ स्तंभांच्या शीटला शीर्षकाची ओळ पुरेशी आहे. पण ए मध्ये सदनिका, बी मध्ये नाव आणि पुढे एप्रिल ते मार्च असे बारा महिने आडवे मांडलेले वार्षिक पत्रक असेल, तर सी२ निवडून गोठवावे, म्हणजे मार्चपाशी पोहोचल्यावरही नाव समोर राहते. गोठवण्यापूर्वी कंट्रोल आणि होम दाबून शीटच्या आरंभी यावे, कारण पडदा खाली सरकलेला असताना गोठवले तर वर गेलेल्या ओळी दिसेनाशा होतात आणि त्या कुठे गेल्या हे शोधण्यात वेळ जातो. गोठवल्यानंतर कंट्रोल आणि होम ए१ वर न नेता न गोठवलेल्या भागाच्या पहिल्या सेलवर नेतात. ते तसेच अपेक्षित आहे.

नोंदी भरताना

ओळीत नोंद भरताना प्रत्येक सेलनंतर टॅब दाबावा आणि ओळ संपल्यावर एंटर. टॅबने जिथून सुरुवात केली होती त्याच स्तंभात, पण खालच्या ओळीत, एक्सेल आपोआप आणून सोडते. मधेच माउस किंवा बाण वापरला तर ही आठवण मोडते. शिफ्टसह टॅब मागे आणि शिफ्टसह एंटर वर नेतो.

भरलेल्या सेलमध्ये दुरुस्ती करताना बाणाची कळ दाबल्यावर अक्षरांत न सरकता शेजारच्या सेलमध्ये का जाते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. सेलवर उभे राहून थेट टंकन सुरू केले तर जुना मजकूर जातो आणि बाण दाबताच नोंद संपली असे धरले जाते. आधी एफ-२ दाबले तर जुना मजकूर राहतो आणि बाण त्या मजकुरातच फिरतो. आपण कोणत्या अवस्थेत आहोत ते खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलेले असते: रेडी, एंटर किंवा एडिट. नको असलेली दुरुस्ती सोडून द्यायची असेल तर एस्केप दाबावे.

एका फाईलमधील अनेक शीट्स

कंट्रोल आणि पेज डाउन पुढच्या शीटवर, कंट्रोल आणि पेज अप मागच्या शीटवर नेतात. शीट्स वीसपंचवीस झाल्या तर खाली डाव्या कोपऱ्यातील लहान बाणांवर माउसची उजवी कळ दाबावी. सगळ्या शीट्सची यादी उघडते. गूगल शीट्समध्ये हीच कळ ब्राउझर स्वतःकडे ओढून घेतो आणि दुसरा टॅब उघडतो, म्हणून तिथे कंट्रोलबरोबर शिफ्टही धरावी लागते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल आणि बाण यांच्या उड्या एक्सेलसारख्याच चालतात, मात्र एफ-५ दाबल्यावर पत्त्याच्या खिडकीऐवजी नॅव्हिगेटर उघडतो. तिथे नेम बॉक्स वापरणे सोपे जाते.

बाण दाबल्यावर सेल सरकत नाही

कधी अचानक बाणाच्या कळेने सक्रिय सेल जागचा हलत नाही आणि सगळे शीटच सरकू लागते. फाईल बिघडलेली नसते. स्क्रोल लॉक सुरू झालेला असतो. ही कळ अनेक लॅपटॉपवर दिसतही नाही, त्यामुळे ती बंद कशी करायची हे सुचत नाही. विंडोज आणि कंट्रोल धरून ओ दाबावे, पडद्यावर कळफलक उघडेल, त्यावरील स्क्रोल लॉकचे बटण एकदा दाबावे आणि तो कळफलक बंद करावा. बाण पुन्हा सेल सरकवू लागतील.